माजी सैनिकांसाठी समुपदेशनाचा कायदा: हवा की नको?

चिंचेखालचा

थेट मुद्द्यावर येतो. सैन्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला आणि त्याच्या घरच्यांना मोफत, गोपनीय समुपदेशन मिळायला हवं, आणि तो हक्क संसदेने स्वतंत्र कायदा करून द्यावा असं माझं मत आहे. योजना नको, परिपत्रक नको. कायदा.

आज माजी सैनिकांच्या आरोग्याचा सगळा भार ईसीएचएसवर आहे. १ एप्रिल २००३ ला सुरू झालेली योजना. देशभरात चारशेच्या वर पॉलिक्लिनिक, पुढे पॅनेलवरची खासगी रुग्णालयं. गुडघे, मोतीबिंदू, बायपास, डायलिसिस यासाठी ती लाखो घरांचा आधार आहे, त्यात वाद नाही. पण मुळात ती पेन्शनरांची योजना. २०१९ मध्ये शॉर्ट सर्व्हिस कमिशनचे (ठरावीक वर्षांसाठीच नेमलेले, पेन्शन नसलेले) अधिकारी वगैरे आत घेतले, तेही सरकारी आदेशाने. आदेशाने आत आलेलं आदेशानेच बाहेर जाऊ शकतं.

आता अग्निवीरांचं बघा. जून २०२२ मध्ये आलेल्या योजनेच्या अटी कुणीही काढून वाचाव्यात. चार वर्षं नोकरी, चौघांतला जास्तीत जास्त एक कायम, बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कँटीन नाही, एवढंच काय 'माजी सैनिक' हा दर्जाही नाही. पहिल्या तुकड्या २०२२ अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला आत गेल्या, पुढची चार वर्षं तुम्हीच मोजा. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा नियंत्रण रेषेवरच्या चौकीतून उठून दहिवडीच्या एसटी स्टँडवर उतरेल. तिथून त्याने रात्री झोप लागत नाही म्हणून कुणाच्या दारात जायचं?

मला मसुदा लिहिता येत नाही. पण गणवेश घातलेला कुणीही, कितीही वर्षं, असं त्यात स्पष्ट हवं. समुपदेशन केंद्रात बोललेलं पेन्शनच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही फायलीत जाणार नाही हेही हवं. आणि किती दिवसांत, किती किलोमीटरवर, हेही. नाहीतर हक्क दिल्लीत आणि माणूस आटपाडीत.

बोला.

जुना फौजी

चिंचेखालचा साहेब, भावना चांगली आहे, पण मी असहमत. उमेदीची सगळी वर्षं पायदळात काढून सुभेदार म्हणून घरी आलो, त्यामुळे थोडं ऐकून घ्या.

पलटणीत माणूस एकटा नसतो. बडी म्हणजे जोडीदार जवान असतो, सेक्शन म्हणजे छोटी तुकडी असते, वर जेसीओ म्हणजे सुभेदार वगैरे असतो. जवानाने ताटात भात तसाच ठेवला की सेक्शन कमांडरला कळतं, घरून फोन आलाय, बांधाचं भांडण आहे नाहीतर बायको माहेरी गेलीय. त्याची सुट्टी मंजूर करून गाडीत बसवला की निम्मं काम झालं. पेन्शनीवर आला की हे सगळं एका दिवसात सुटतं. यावर इलाज समुपदेशक नाही, काम हा इलाज आहे. पस्तीस-चाळिशीचा धडधाकट गडी, हाताखाली दहा जवान सांभाळलेला. त्याला एटीएमच्या दारात प्लास्टिकची खुर्ची देता आणि वर विचारता मन का लागत नाही!

आमच्याकडे शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरटी फौजी. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे ४६ जण कामी आले. त्यांच्या घरच्यांना कुठल्या कायद्याने सांभाळलं? गावाने सांभाळलं.

आणि एक भीती. हा कायदा झाला की सगळ्या माजी सैनिकांवर शिक्का बसणार. आधीच लोक आम्हाला गुडघ्यात मेंदू म्हणतात. उद्या बँकवाला म्हणेल, याच्या हातात बंदूक द्यायची की नको?

टपरी नंबर सात

काका, पहिल्या महायुद्धात पेनिसिलीनही नव्हतं. म्हणून आज जखम चिघळू द्यायची का?

जुना फौजी

जखम दिसते. हे दिसत नाही म्हणूनच म्हणतो, सांभाळून.

कोर्टाची पायरी

मीही विरोधात, पण कारण वेगळं. कायदा आधीच आहे हो! मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७, अंमल २९ मे २०१८ पासून. कलम १८ प्रमाणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे. तो फौजी असो, शेतकरी असो की ओला चालवणारा. कलम २३ मध्ये गोपनीयता आहे. कलम २१ मध्ये विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवायचं आहे. कलम ११५ ने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानलं. कलम ३१ मध्ये तर दहा वर्षांत मनुष्यबळ आंतरराष्ट्रीय निकषांवर आणायचा प्रयत्न करू असं सरकारने लिहून दिलंय. दहा वर्षं २०२८ ला संपतात. लाखामागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ हा आपल्याकडे नेहमी दिला जाणारा आकडा, आणि लाखामागे किमान तीन हवेत. करा हिशोब.

आहे तो कायदा धूळ खात पडलाय आणि आपण दुसरा मागतोय. माझ्या अनुभवात नवा कायदा ही सरकारसाठी सगळ्यात स्वस्त गोष्ट असते. एकदा टाळ्या वाजल्या की नियम करायला पाच वर्षं.

चिंचेखालचा

वकीलसाहेब, कलम २३ गोपनीयता देतं हे मान्य. पण तुमच्याच व्यवसायातला प्रश्न विचारतो. फौजीच्या मानसिक आजाराची चर्चा आपल्या देशात सगळ्यात जास्त कुठे होते? दवाखान्यात नाही, आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे फौजींचे दावे चालतात त्या न्यायाधिकरणात. अपंगत्व पेन्शनच्या दाव्यात.

कोर्टाची पायरी

हे खरं आहे आणि इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण बहुतेकांना ही भानगड माहीत नसते.

सैन्यात तब्येतीची प्रतवारी 'शेप'ने होते. त्यातला पहिला 'एस' म्हणजे मानसिक अवस्था. सगळं ठीक असेल तर माणूस शेप-वन. भरतीच्या वेळी शेप-वन असलेला जवान पंधरा वर्षांनी मानसिक आजारामुळे बाहेर पडला, तर आजार नोकरीमुळे झाला की नाही यावर पेन्शन ठरते. २०१३ च्या धर्मवीर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीमुळे आला असं गृहीत धरावं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर. जवानांना मोठा दिलासा. मग २०१९ मध्ये नरसिंग यादव प्रकरणात, स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत, त्याच न्यायालयाने सांगितलं की असे आजार भरतीच्या तपासणीत सापडतातच असं नाही, त्यामुळे नोंद नाही एवढ्यावरून नोकरीचा दोष मानता येणार नाही. पुढे २०२३ मध्ये पात्रतेचे नियमही नव्याने आले.

म्हणजे होतं काय, तर जवान डॉक्टरसमोर जे बोलेल ते एकाच वेळी उपचारही असतं आणि पुरावाही. घरात आधीपासून कुणाला असं होतं का, दारू किती, लग्नात कटकटी आहेत का, ही उत्तरं उपचाराला लागतात. दाव्यात तीच उत्तरं त्याच्यावर उलटू शकतात. शहाणा माणूस गप्प बसतो. त्याला कुणी दोष देऊ नये.

तरीही माझं मत बदलत नाही. यासाठी २०१७ च्या कायद्याखाली एक नियम किंवा छोटी दुरुस्ती पुरते. स्वतंत्र कायदा कशाला?

बे एरियातून

धाग्यात अमेरिकेचा उल्लेख कुणीतरी करणार होतंच, तर तो मान मी घेतो. मी फौजी नाही, सॉफ्टवेअरवाला. इराकमध्ये दोनदा जाऊन आलेल्या एका सहकाऱ्यामुळे इथलं 'व्हेट सेंटर', म्हणजे माजी सैनिकांचं समुपदेशन केंद्र, पाहण्यात आलं. दुकानांच्या रांगेतला एक गाळा, शेजारी दातांचा दवाखाना आणि पिझ्झावाला. बाहेरून कुणाला कळणारही नाही आत काय चालतं. आत गेलात की आजाराचं निदान मागत नाहीत, पैसे मागत नाहीत. समोर बसणारे बरेच जण स्वतः माजी सैनिक.

हे १९७९ च्या कायद्यातून आलं. व्हिएतनामहून परतलेली पोरं सरकारी 'व्हीए' (माजी सैनिकांसाठीचं खातं) रुग्णालयांची पायरी चढायला तयार नव्हती, तिथल्या लोकांवर विश्वास नव्हता. म्हणून काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, केंद्रं रुग्णालयाच्या बाहेर काढली. आज अशी सुमारे ३०० केंद्रं आहेत, शिवाय खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या गाड्या. तिथली नोंद रुग्णालयाच्या नोंदींपासून वेगळी राहते. लेखी संमतीशिवाय ती ना रुग्णालयाकडे जाते ना सैन्याकडे. अपवाद फक्त जिवाला धोका वगैरे असेल तर. वकीलसाहेबांनी सांगितलेली अडचण इथे मुळातच टाळली गेली.

गंमत म्हणजे 'पीटीएसडी' (आघातानंतरचा मानसिक त्रास) हे निदान अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आलं १९८० ला, कायद्याच्या एक वर्ष नंतर. आजाराला नाव मिळायच्या आधी लोकांना खुर्ची मिळाली.

आणि मग दरवाजा हळूहळू रुंदावत गेला, प्रत्येक वेळी कायद्यानेच. १९९१ मध्ये लेबनॉन, ग्रेनाडा, पनामा आणि आखाती युद्धाचे सैनिक आले. १९९२ मध्ये सैन्यात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी समुपदेशन, दोन वर्षांनी पुरुषांसाठीही. पुढे मृत सैनिकांची कुटुंबं. मग आपत्ती आणि दंगलींच्या कामावर गेलेले नॅशनल गार्ड, म्हणजे राज्यांचे राखीव सैनिक. २०२२ च्या अखेरीच्या कायद्यात सैनिकी शिष्यवृत्तीवर शिकणारे माजी सैनिक आणि आत्महत्या केलेल्या सैनिकांचे घरचे. आपत्तीवाला मुद्दा वाचताना मला २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर आठवला. बोटी घेऊन आलेले जवान आपण टीव्हीवर पाहिले, टाळ्या वाजवल्या. त्यांनी पाण्यातून काय काय बाहेर काढलं असेल, हा प्रश्न आपल्यापैकी कुणाला पडला?

खडूस आकडेमोड

वाचून डोळे पाणावले, आता आकडे. अमेरिकेत २००१ पासून जवळजवळ दरवर्षी सहा हजारांच्या घरात माजी सैनिक आत्महत्या करतात. २०२२ चा आकडा ६,४०७. मधल्या काळात २००७ चा जोशुआ ऑमविग कायदा, २०१५ चा क्ले हंट कायदा, २०१८ चा मिशन कायदा, २०२० चे हॅनन आणि कॉम्पॅक्ट कायदे, हेल्पलाइन, अब्जावधी डॉलर. आकडा तिथेच. उलट माजी सैनिकांची एकूण संख्या घटतेय, म्हणजे प्रमाण वाढलंय. कायद्याला मृतांची नावं देऊन कायदे चालत नाहीत.

आपल्याकडे तर मोजणीच नाही. एनसीआरबीच्या (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या) आत्महत्यांच्या अहवालात 'निवृत्त' असा रकाना आहे. त्यात प्राथमिक शिक्षक, तलाठी, सुभेदार सगळे एका पोत्यात. कुणाला किती त्रास आहे हे माहीत नसताना केंद्रं कुठे आणि किती काढणार? आधी मोजा, मग पैसे मागा.

बे एरियातून

आकडे बरोबर. पण पुढची ओळही वाचा की! मरण पावलेल्यांपैकी दहातले साधारण सहा जण त्याआधीच्या काळात व्हीएच्या उपचारात नव्हतेच. ज्या दारातून माणूस आत आला नाही, त्या दाराला अपयशी कसं म्हणायचं? म्हणून तर २०२३ च्या जानेवारीपासून आत्महत्येच्या टोकावरच्या माजी सैनिकाला कुठल्याही रुग्णालयात तातडीचे उपचार सरकारी खर्चाने मिळतात, व्हीएमध्ये नाव नोंदवलेलं नसलं तरी.

आणि मिशन कायद्याखालची एक तरतूद मला फार आवडते. मानसिक उपचारासाठी सरासरी तीस मिनिटांच्या गाडीच्या अंतरावर किंवा वीस दिवसांच्या आत वेळ मिळत नसेल, तर माणूस सरकारी खर्चाने बाहेरच्या डॉक्टरकडे जाऊ शकतो. म्हणजे उशीर झाला की बिल सरकारच्या अंगावर. परिपत्रकात ही धमक नसते.

खडूस आकडेमोड

तीस मिनिटांच्या गाडीच्या अंतरावर जतमध्ये काय आहे ते सांगा. बाहेरचा डॉक्टर असावा लागतो, तेव्हा तो परवडतो.

सांगलीची सून

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे मिस्टर नायक पदावरून निवृत्त झाले. आता एका कंपनीच्या गोडाऊनवर गनमॅन आहेत, रात्रपाळी. काश्मीर आणि मणिपूर दोन्हीकडे राहिलेत. काय झालं ते मला सांगत नाहीत, मी विचारत नाही. घरी कुकरची शिट्टी झाली की ताट सोडून उठतात. दिवाळीत गाव सोडून माझ्या माहेरच्या रानातल्या घरी जाऊन बसतात, पाहुणे म्हणतात जावईबापू मानी आहेत. मुलगा मागून येऊन बिलगला तर एकदा त्याला भिंतीवर ढकललं. मग स्वतःच रात्रभर त्याच्या उशाशी बसले. सासूबाईंचं म्हणणं, फौजी माणूस, ताठ असायचाच.

मी १४४१६ ला, सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनला, फोन केला होता. मराठीत बोलल्या बाई, छान बोलल्या, घाईत नव्हत्या. म्हणाल्या त्यांना सिव्हिलला घेऊन या. हे दारापर्यंत आले. पाटी वाचली, मनोविकार विभाग. बाकड्यावर आमच्या गावचा एकजण बायकोचा केसपेपर घेऊन बसलेला. तिथूनच मागे फिरले. पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन खासगी डॉक्टरकडेही गेलो. पाच मिनिटं, झोपेच्या गोळ्या, पुढच्या महिन्यात या. गोळी घेऊन रात्रपाळी कशी करायची? दुसऱ्यांदा गेले नाहीत.

आणि खरी भीती बंदुकीच्या लायसनची आहे. नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो. मनाच्या डॉक्टरकडे नाव लागलं आणि लायसन गेलं, तर पगार गेला. जुने फौजी काका म्हणतात काम हा इलाज. काम आहे हो काका. कामच जाईल म्हणून इलाज होत नाही.

कायदा की नियम ते तुम्ही ठरवा. मला एवढंच विचारायचंय की मी एकटी जाऊ शकते का, त्यांना न सांगता?

जुना फौजी

ताई, तुमचं वाचलं. मिस्टरांना सांगा, एक सुभेदार भेटायचं म्हणतोय. चहा घेऊ. बाकी काही बोलायचं नाही. इथे नंबर लिहू नका, मला निरोप पाठवा.

पण माझं मत आहे तेच आहे. बघा, ते दारापर्यंत गेले आणि पाटी बघून फिरले. कायद्याने अजून शंभर पाट्या लागतील.

समुपदेशक (परवान्याविना)

कंसातलं विनोदाने लिहिलेलं नाही. मी जिल्ह्याच्या ठिकाणी समुपदेशन करते, मानसशास्त्रात एमए, आणि मला आजवर कुणी परवाना विचारलेला नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशकांसाठी २०२१ च्या केंद्रीय कायद्यात तरतूद झाली आहे, पण ती गावपातळीवर उतरेपर्यंत तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलाही समुपदेशक आणि मीही समुपदेशक. चिंचेखालचा यांचा कायदा उद्या मंजूर झाला तर परवा निविदा निघेल. तेरवा कुणाच्या तरी पुतण्याची संस्था जिल्ह्यात 'सैनिक मनोमित्र' नेमेल. मी कायद्याच्या विरोधात आहे ती एवढ्यासाठी. अर्धवट शिकलेला माणूस अशा नायकाला "नकारात्मक विचार सोडा, प्राणायाम करा" म्हणतो, आणि तो पुन्हा कधीच कुणाशी बोलत नाही. हे मी पाहिलंय. न मिळालेल्या सेवेपेक्षा वाईट मिळालेली सेवा जास्त नुकसान करते.

सांगलीच्या ताई, तुम्ही एकट्या नक्की जाऊ शकता. तुमचं दुखणं तुमचं आहे, त्याला त्यांची परवानगी लागत नाही. आणि ते जे कुकरच्या शिट्टीचं लिहिलंत, त्यावर नुसत्या झोपेच्या गोळीपलीकडे उपचार आहेत, वेळ लागतो पण फरक पडतो. माझ्याकडे येणाऱ्या फौजींच्या घरांतून नवऱ्याच्या आधी बायकोच येते, नेहमीच.

बाकी, जुना फौजी काका, तुम्ही चहाला बोलावलंत ना, तेच व्हेट सेंटरमध्ये पगारावर चालतं. फक्त तिथल्या सुभेदाराला शिकवलेलं असतं की समोरचा मरणाची भाषा करायला लागला तर काय विचारायचं आणि कुणाला फोन लावायचा.

जुना फौजी

मग आम्हालाच शिकवा. प्रत्येक सैनिक बोर्डात दोन निवृत्त जेसीओ बसवा, खोलीवर पाटी लावा 'पेन्शन चौकशी'. कुणी वळून बघणार नाही. याला संसद कशाला हवी?

टपरी नंबर सात

'पेन्शन चौकशी' पाटी लावलीत तर खरंच पेन्शनीचीच गर्दी होईल काका. अर्धा जिल्हा 'स्पर्श' या पेन्शनच्या पोर्टलचा पासवर्ड विसरून येईल.

कोर्टाची पायरी

हसण्यावारी नेऊ नका, चांगली सूचना आहे. पेन्शनच्या कामाला माणूस येतोच. तिथेच शेजारच्या खोलीत नेता येतो. आणि सैनिक बोर्ड, म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं, राज्य सरकारच्या विभागाची आहेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली राज्याने 'माजी सैनिक व कुटुंबीयांना समुपदेशन' ही सेवा अधिसूचित केली, तर मुदत येते, अपील येतं, दिरंगाईला दंड येतो. दिल्लीची वाट बघायला नको. अग्निवीरांनाही राज्य आपल्या व्याख्येत घेऊ शकतं.

माणसं नाहीत म्हणता, तर मराठवाडा-विदर्भात शेतकरी आत्महत्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' कसा चालला? आशाताई घरोघर गेल्या, प्रश्नावली भरली, ज्याला गरज त्याला पुढे पाठवलं. कुठला स्वतंत्र कायदा होता त्याला?

चिंचेखालचा

प्रेरणा प्रकल्पाचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, वकीलसाहेब. तो चौदा जिल्ह्यांपुरता होता. साताऱ्याच्या किंवा नाशिकच्या शेतकऱ्याला फास लागत नाही का? योजना असली की यादी असते, आणि यादी असली की कुणीतरी यादीबाहेर असतं. पुण्यातच बघा, १ डिसेंबर २०२३ ला एएफएमसीमध्ये (सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात) सशस्त्र दलांसाठी टेलि-मानसचा खास कक्ष सुरू झाला. उत्तम काम. पण तो दोन वर्षांचा पथदर्शी प्रकल्प म्हणून सुरू केला. आजार काय मुदतवाढ बघून येतो?

राज्याने अधिसूचना काढावी, जरूर. पण बंदुकीच्या परवान्याचं काय? शस्त्र कायदा केंद्राचा. पेन्शनचे नियम केंद्राचे. समुपदेशकाकडे गेलात म्हणून परवाना नाकारता येणार नाही, आणि तिथली नोंद मेडिकल बोर्डापुढे मागता येणार नाही, ही दोन वाक्यं महाराष्ट्राला लिहिता येत नाहीत. ती संसदेलाच लिहावी लागतील. सांगलीच्या ताईंच्या घरचं कुलूप नेमकं तिथे आहे.

खडूस आकडेमोड

परवान्याचं पहिलं वाक्य मला मंजूर नाही. खरोखर अस्थिर असलेल्या माणसाच्या हातात भरलेली बंदूक राहू द्यायची, का तर तो समुपदेशकाकडे जातो म्हणून? अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या आत्महत्यांत दहातल्या सात बंदुकीने होतात. तुमचा कायदा जीव वाचवायला निघालाय ना?

समुपदेशक (परवान्याविना)

याचं सोपं उत्तर नाही. धोका दिसला तर मी घरच्यांना सांगून हत्यार दूर ठेवायला लावते, परवान्याची फाईल उघडत नाही. घाबरून न येणाऱ्या माणसाचा धोका तर मला दिसतच नाही. पण 'कधीही नाकारता येणार नाही' असं सरसकट लिहिलंत तर मीही सही करणार नाही. जाणं आणि धोकादायक असणं यात फरक करणारं वाक्य हवं.

कोर्टाची पायरी

प्रयत्न करतो: "केवळ समुपदेशन घेतले या कारणास्तव कोणताही परवाना, नोकरी वा निवृत्तिवेतन नाकारले जाणार नाही, तथापि स्वतःच्या वा इतरांच्या जिवास नजीकचा धोका असल्यास समुपदेशक विहित पद्धतीने कळवील." आणि सेवा घेण्यासाठी "सेवेत असलेली वा राहिलेली व्यक्ती, तिचा जोडीदार, मुले, आई-वडील, एकत्र वा स्वतंत्रपणे". ठिकाण, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. पाटी काकांच्या मर्जीने.

स्वतंत्र कायदा नको हे माझं मत कायम. २०१७ च्या कायद्यात एक प्रकरण जोडा.

चिंचेखालचा

प्रकरण म्हणा, कायदा म्हणा. संसदेत मंजूर झालं की मला पुरे. 'नजीकचा' कोण ठरवणार?

जुना फौजी

जो समोर बसलाय तो. आणि तो फौजी असावा, असं आधी लिहा.

समुपदेशक (परवान्याविना)

फौजी असावा आणि शिकलेला असावा. नुसता फौजी नको.

सांगलीची सून

वकीलसाहेब, वेळ लिहायची राहिली. सरकारी ऑफिस पावणेदहा ते सव्वासहा. यांची ड्युटी रात्री आठ ते सकाळी आठ, घरी येऊन झोपायला दहा वाजतात. शनिवार-रविवार तुमचं ऑफिस बंद. रविवारीच यांना सुट्टी असते.